तळमजल्यावर वाट पाहत आहेत

गाणं मध्येच थांबलं आणि एका मुलीच्या गोड, सरावलेल्या आवाजानं मॉलच्या सगळ्या मजल्यांना सांगितलं, "श्रीयुत युस्ताक्यो मनालास्तास, श्रीयुत युस्ताक्यो मनालास्तास. तुमच्या पत्नी तळमजल्यावर चौकशीच्या टेबलापाशी तुमची वाट पाहत आहेत." मग गाणं जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं.

ताक्यो त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या चपलाबुटांच्या विभागात, एका बुटक्या बाकावर बसला होता. उजव्या पायात नवा तपकिरी बूट होता. डाव्या पायात नुसता मोजा होता आणि त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. त्याची बायको पुरिंग तीन वर्षांपूर्वी जानेवारीत वारली होती. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेल्या गोष्टी डोक्यात कुठंतरी मागच्या खोलीत पडून असतात आणि त्या उठून दारापर्यंत येईतो अंग आपलं काम करून मोकळं होतं. त्याच्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की उशीर झाला. ती चिडली असणार. पुरिंगला वाट पाहणं सोसत नसे. चर्चच्या पायरीवर, दवाखान्यात, जीपनी गाडीच्या रांगेत, कुठंही थांबावं लागलं की ती खालचा ओठ आत ओढून उभी राही आणि मग दिवसभर तो ओठ बाहेर येत नसे. तो ओठ त्याला लख्ख दिसला. तो झटकन उठला आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी दोन पावलं लंगडत गेलासुद्धा.

"सर, दुसरा पाय राहिला," विक्रेता म्हणाला. तो पंचविशीतला, केस चापूनचोपून बसवलेला तरुण होता. मग आवाज येत होता त्या छतातल्या जाळीकडं हनुवटीनं खूण करून तो हसला. "कुणाला तरी बोलावणं आलं बघा. आता घरी जाईपर्यंत ऐकून घ्यायचं बिचाऱ्यानं."

ताक्यो पुन्हा बाकावर बसला. त्याच्या हातांवर काटा आला होता. एअरकंडिशनरचा झोत बरोबर त्या बाकावर येत होता, म्हणून असेल. तो वाकून बुटाची नाडी सोडू लागला आणि नाडीची निरगाठ बसली. त्या पांढऱ्या, चकचकीत फरशीकडं बघताना त्याला वाटलं, की आता मान वर केली तर समोरच्या आरशात ती उभी दिसेल. हातात ती निळी, विणलेली बंडी. मनिलाच्या उन्हाळ्यात सबंध शहर कपडे काढून फेकायच्या बेतात असताना पुरिंग ती बंडी पिशवीत घालून निघायची, कारण मॉलमध्ये थंडी वाजते. हा मॉल नवा उघडला तेव्हा ती दोघं दर रविवारी इथं यायची. घ्यायचं काही नसायचं. घरात पत्रा तापलेला असे, लेक रोवेना लहान होती, तिच्या मानेवर घामोळं उठायचं. मॉलमध्ये शिरलं की पोरीची किरकिर अशी थांबे, जशी कुणी कळ फिरवली. पुरिंग दारातच उभी राहून डोळे मिटून घेई आणि म्हणे, "ताक्यो, देव श्रीमंतांना मेल्यावर जिथं नेतो ना, ते असं असणार." फर्निचरच्या विभागात ती एकेका सोफ्यावर नीट टेकून बसायची, हातानं दाबून बघायची, आणि विक्रेता जवळ आला की नाक मुरडून म्हणायची, "फार मऊ आहे, कंबर धरेल." जणू घेणारच होती. तिचं ते नाक मुरडणं बघून तो तोंड फिरवून हसायचा. पुढं ती आजारी पडली, चालवेना झालं, तेव्हाही त्यानं तिला इथं आणलं होतं. चौकशीच्या टेबलावर चाकांची खुर्ची मिळायची. तीत तिला बसवून तो बर्फावर घसरत खेळायच्या जागेपाशी न्यायचा. काचेआड पोरं तोल जाऊन पडायची आणि पुरिंग हसायची. चांगलं घसरणाऱ्यांकडं ती बघत नसे. "हा पडणार," ती पुटपुटायची, "बघ, हा लाल टोपीवाला आता पडणार." आणि तो पडला, की तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर असं समाधान यायचं, की ताक्योला त्या अनोळखी पोराचे आभार मानावेसे वाटायचे.

"द्या सर, मी सोडतो," विक्रेत्यानं गुडघ्यावर बसून निरगाठ सोडवली. "आवडला नाही का? तुम्हाला शोभत होता."

"पुन्हा येईन," ताक्यो म्हणाला.

स्वतःचे जुने बूट पायात सरकवताना त्याला कळलं. इतक्या उशिरा कळलं याची त्याला लाज वाटली. तळमजल्यावर कोण उभं होतं ते उघडच होतं. लिओनिला उभी होती. आणि तिला तिथं उभं राहावं लागलं, कारण थोड्या वेळापूर्वी तो तिच्यासमोरून पळून आला होता.

सरळ पळाला नव्हता. माणूस ह्या वयात सरळ पळत नाही. चौथ्या मजल्यावर, जिथं सगळ्या खाण्याच्या टपऱ्या एका रांगेत आहेत आणि मधे टेबलं मांडलेली असतात, तिथं ती दोघं नेहमीसारखी खांबाजवळच्या टेबलाशी बसली होती. खालची प्रार्थना आटोपली होती. रविवारी सकाळी मॉलच्या मधल्या चौकात वेदी मांडतात, प्लास्टिकच्या खुर्च्या लावतात, आणि पाद्री एका बाजूला घड्याळांचं दुकान न् दुसऱ्या बाजूला अंतर्वस्त्रांचं दुकान यांच्या मधोमध उभा राहून प्रवचन देतो. तिथंच ती त्याला भेटली होती. शेजारच्या खुर्चीवर बसली होती आणि तिचा पंखा, तो घडीचा, विणलेल्या पात्यांचा, ती अशा बेतानं हलवत होती, की निम्मा वारा त्याला लागावा. त्यानं मान वळवून बघितलं तर ती समोर बघत म्हणाली, "तुम्हाला घाम आलाय. इथं थंड असूनसुद्धा." ते त्यांचं पहिलं बोलणं. त्यानंतर प्रत्येक रविवारी प्रार्थनेनंतर चौथा मजला. ती बर्फाचं हालो-हालो घेई आणि त्यातले गोड चवळीचे दाणे चमच्यानं एकेक वेचून त्याच्या वाटीत टाकी, कारण तिला ते आवडत नसत. तो दूध-अंड्याच्या वडीचा तुकडा तिला देई, कारण त्याच्या साखरेला तो चालत नसे. पण ती म्हणे, "अर्धा खा. अर्ध्यानं कुणी मरत नाही." तिला लग्न करायचं राहून गेलं होतं. ती असंच सांगायची, छत्री न्यायची राहून गेली असं सांगावं तसं. धाकटी भावंडं होती, मग त्यांची पोरं होती, आणि ती एका लग्नाच्या पोशाखांच्या दुकानात पोशाखांवर मणी शिवत बसे. शहरातल्या किती नवऱ्या तिच्या हातांखालून गेल्या. "सगळ्या रडतात," ती म्हणे. "पोशाख शेवटचा घालून बघताना सगळ्या रडतात. मी म्हणायची, रड पण पुढं वाकून रड, मण्यांवर नको."

तिचे हात त्याला आवडायचे. तो रेल्वेच्या तिकीटखिडकीच्या आत बसून म्हातारा झाला होता. काचेच्या खालच्या फटीतून आत येणारे हात हीच त्याची माणसं. तोंडं वर कुठंतरी पुसट असायची. घाईचे हात, तान्हं पोर काखेत असलेले हात, दारू प्यालेले हात. पुरिंगशी बोलताना तो सांगायचा, आज एक हात आला होता, त्याला सहा बोटं होती. लिओनिलाच्या तर्जनीच्या टोकाला सुईनं टोचून टोचून कातडी अशी झाली होती, की त्या टोकाला गरम कप लागला तरी कळत नसे. हे तिनं त्याला एकदा दाखवलं होतं. त्यानं ते बोट धरून बघितलं होतं आणि मग, किती वेळ धरायचं असतं ते न कळून, धरूनच ठेवलं होतं. तिनंही ते सोडवून घेतलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर एका पोराचा वाढदिवस चालला होता.

ती त्याला मांग म्हणे, वयानं मोठ्या पुरुषाला आदरानं म्हणतात तसं. आणि आज ती वाटीत चमचा फिरवत म्हणाली, "मांग ताक्यो, माझा भाऊ बोलावतोय. इलोइलोला. म्हणतो, एकटी काय राहतेस, इथं खोली आहे, अंगण आहे. उत्तर द्यायचंय त्याला." मग चमचा थांबवून तिनं त्याच्याकडं बघितलं. "काय सांगू?"

तिनं काय विचारलं ते त्याला समजलं होतं. न समजायला तो काही दगड नव्हता. त्याच्या छातीत एकदम इतकं काही दाटून आलं, की त्यातलं कुठलं शब्दांपर्यंत आणावं ते कळेना. आणि तोंडातून निघालं ते हे, की "तिकडचे आंबे फार चांगले असतात." तिनं चमचा वाटीत ठेवला. "असतात," ती म्हणाली. मग तो म्हणाला, "मी जरा जाऊन येतो," आणि स्वच्छतागृहाच्या दिशेनं गेला. स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत गेला. दारातून पुढं सरकत्या जिन्यापाशी गेला, आणि जिन्यानं त्याला न विचारताच खाली आणून तिसऱ्या मजल्यावर सोडलं. काय मदत हवी, असं विक्रेत्यानं विचारलं तेव्हा त्याला बूट हवे आहेत असं सांगणं सोपं गेलं. बुटाचं माप सांगता येतं.

आता तो पुन्हा सरकत्या जिन्यावर उभा होता आणि जिना त्याला हळूहळू खाली नेत होता. समोरच्या जिन्यानं माणसं वर चालली होती. नवी जोडपी, आयस्क्रीम हातावर ओघळलेली पोरं, सबंध कुटुंबंच्या कुटुंबं, आजीपासून तान्ह्यापर्यंत, सगळ्यांच्या चेहऱ्यावर ती रविवारची, गार हवेनं आलेली सुस्ती. त्याला वाटलं, ह्या सगळ्यांनी माझं नाव ऐकलं. पण त्यांना काय माहीत मी कोण. मग तिनं वापरलेला शब्द त्याच्या मनात आला. पत्नी. म्हणजे तिनं त्या टेबलापाशी जाऊन, त्या मुलीला, स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की माझे यजमान सापडत नाहीत. साठी उलटलेल्या बाईनं जन्मात पहिल्यांदा हा शब्द उच्चारला, आणि कुठं उच्चारला, तर छत्र्या न् चाकाच्या खुर्च्या देतात त्या टेबलापाशी. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल? ती लाजली असेल का? की घाबरली होती म्हणून तिला कळलंही नसेल? कारण ती घाबरली असणार. त्याला साखरेची चक्कर येते हे तिला माहीत होतं. म्हातारा माणूस स्वच्छतागृहात जातो आणि परत येत नाही म्हटल्यावर काय काय डोळ्यांपुढं येतं, हे त्याला पुरिंगच्या आजारपणानं शिकवलं होतं. बंद दाराबाहेर उभं राहून "पुरिंग, ए पुरिंग" म्हणत कान लावणं. आणि आपण वर बूट घालून बघत होतो. त्याला स्वतःची इतकी चीड आली, की त्यानं जिन्याचा रबरी कठडा घट्ट धरला, पण तोही सरकतच होता.

दुसऱ्या मजल्यावर जिना बदलताना त्याला आणखी एक आठवलं. रोवेना. रोवेना आणि जावई दांते दर रविवारी ह्याच वेळेला तळघरातल्या किराणा दुकानात आठवड्याचं सामान भरतात. रोवेना बापाला ताताय म्हणे, आईला नानाय. ठरलेलं होतं, ताताय सकाळी प्रार्थनेला पुढं जाणार, मग ती दोघं येणार, मग सगळी मिळून घरी. तळघरातही तो आवाज जातो. म्हणजे तिथं, तांदळाच्या पोत्यांच्या मधे उभ्या असलेल्या त्याच्या मुलीनं ऐकलं, की तिच्या बापाची बायको वाट बघतेय. तिला लिओनिलाबद्दल काही माहीत नव्हतं. त्यांना गाठायला उशीर झाला की तो म्हणे, पाद्री फार लांबण लावतो. हे त्यानं का लपवलं होतं? लपवण्यासारखं काय होतं त्यात, दोन म्हातारी माणसं बर्फ खातात? पण घरातल्या भिंतीवर पुरिंगचा फोटो होता, आणि रोवेना रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्या फोटोपुढं ताजं फूल ठेवायची. चुकून राहिलं तर रस्त्यातून परत यायची. त्या फुलापुढं त्याला काही सांगता आलं नव्हतं. फुलाला वाईट वाटेल असंच त्याला वाटत आलं होतं.

चौकशीचं टेबल चौकाच्या कडेला होतं. वेदी उचलून नेली होती आणि पोरगे खुर्च्या एकात एक घालून रचत होते. टेबलामागं गणवेशातली मुलगी होती, आणि टेबलाच्या अलीकडं लिओनिला, तिची तपकिरी पिशवी पोटाशी धरून. शेजारी एक पहारेकरी उभा होता. ती जिन्याकडं बघत नव्हती. लिफ्टकडं बघत होती, कारण तिच्या मते त्याला कुणीतरी आधार देऊन आणणार होतं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तो अगदी जवळ आला तेव्हा तिनं वळून बघितलं, त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं, तो धड आहे, दोन्ही पायांवर उभा आहे, हे नीट पाहिलं. आणि मग इतके महिने "मांग ताक्यो, तुम्ही" म्हणणारी ती बाई म्हणाली, "कुठं मेला होतास?"

तो स्वतःच्या बुटांकडं बघू लागला.

"ह्या बिचाऱ्याला मी पुरुषांच्या तिथं पाठवलं," तिनं पहारेकऱ्याकडं हात केला. "एकेक दार ठोठावून आला तो. एका दारातून शिव्या खाऊन आला."

"त्याचं काही नाही, आजी," पहारेकरी म्हणाला.

"मी बूट बघत होतो," ताक्यो म्हणाला. याहून मूर्ख वाक्य आपण आयुष्यात बोललो नाही हे बोलतानाच त्याला कळलं.

"बूट," ती म्हणाली.

टेबलामागच्या मुलीनं त्याच्याकडं बघून हसून विचारलं, "सर, तुम्हीच का? सापडले ना एकमेकांना?" आणि ताक्योनं उत्तर द्यायच्या आत त्याच्या पाठीमागून धापा टाकल्याचा आवाज आला. रोवेना तळघराच्या जिन्यानं, सरकत नाही त्या साध्या जिन्यानं, पळत वर आली होती. तिच्या एका हातात मासळीच्या अर्काची बाटली होती, जी ठेवून यायचं तिला भान राहिलं नव्हतं. ती बापाच्या तोंडाकडं बघत होती. तिचे डोळे लाल होते.

"ताताय, हे काय आहे? कुणी सांगितलं असं बोलायला? कुणाची थट्टा आहे ही?"

"मी सांगितलं," लिओनिला म्हणाली. तिनं पिशवी आणखी घट्ट धरली. "चूक माझी. ह्या मुलीनं विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण. मला सुचलं नाही. मैत्रीण म्हटलं असतं तर हिला वाटलं असतं, येईल की फिरत फिरत. मला घाई होती." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुझ्या आईला उद्देशून काही नव्हतं, बाळ. मी निघते."

"थांबा," ताक्यो म्हणाला. त्यानं मुलीकडं बघितलं. रोवेनाच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि खालचा ओठ आत ओढला गेला होता. तो तिच्या आईचा ओठ होता. त्याला एकाएकी तिची इतकी कणव आली, की बाकीची भीती कुठंतरी विरघळून गेली. "ही लिओनिला," तो म्हणाला. "दर रविवारी मी हिच्याबरोबर बर्फ खातो. तुला सांगितलं नाही. पाद्री लांबण लावतो म्हणून सांगत होतो. तो पाद्री तर अर्ध्या तासात उरकतो."

रोवेनानं लिओनिलाला एकदा न्याहाळलं. मग म्हणाली, "मी तांदूळ बघत होते. आणि नाव ऐकलं तुमचं. आणि पुढचं ऐकलं." तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली. "आणि ताताय, मला काय वाटलं माहितीये? एक क्षण. मला वाटलं, अरे देवा, नानाय वर थांबलीय आणि मी अजून मीठसुद्धा घेतलं नाही."

"मला वाटलं उशीर झाला," तो म्हणाला. "चिडली असणार."

"चिडलीच असती."

"एका पायात बूट घालून निघालो होतो मी."

रोवेना हसली. हसता हसता तिला रडू आलं आणि ते आवरायला तिनं बाटलीचा हात तोंडावर नेला. ती दोघं, बाप आणि लेक, त्या चौकात उभी होती. तीन वर्षांत त्यांनी पुरिंगविषयी फोटोला फूल वाहिल्यासारखं हळू, नीटनेटकं बोलणं केलं होतं, आणि आज पहिल्यांदाच ती तिच्या रागासकट, ओठासकट, त्यांच्या मधे येऊन उभी राहिली होती. ताक्योला वाटलं, पुरिंग असती तर ती आत्ता म्हणाली असती, रस्त्यात काय रडताय, लोक बघतात. लोक बघतच होते. पहारेकऱ्यानं सभ्यपणे पाठ फिरवली होती.

लिओनिला दोन पावलं मागं सरकली होती. आता ती आणखी एक पाऊल मागं गेली, कुणाच्या घरच्या खोलीत आपण चुकून शिरलो आहोत अशा तऱ्हेनं. तिला तसं मागं जाताना बघून ताक्योच्या छातीत मघाचं ते सगळं पुन्हा दाटून आलं. पण ह्या वेळी त्याला त्यातून निवडत बसावंसं वाटलं नाही.

"तू मघाशी काही विचारलं होतंस," तो म्हणाला. तोही तू म्हणाला हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"असू दे आता ते."

"इलोइलोला जाऊ नकोस."

वरच्या जाळीतून कुणीतरी गाणारी बाई नेमका सूर चढवत होती. लिओनिलानं मान वाकडी करून उजवा कान पुढं केला. "काय? डावीकडून नीट ऐकू येत नाही मला."

"जाऊ नकोस," ताक्यो मोठ्यानं म्हणाला. खुर्च्या रचणारा पोरगा थांबला. टेबलामागची मुलगी थांबली. "भावाला सांग, येत नाही. सांग, इथं माझं कुणीतरी आहे."

लिओनिलाच्या तोंडावर हळूहळू रंग परत आला, गळ्यापासून वर चढत कानांपर्यंत. ती खाली, स्वतःच्या चपलांकडं बघत होती. "त्याला मी गुरुवारीच सांगितलं," ती म्हणाली. "येत नाही म्हणून."

"मग मला का विचारलंस?"

"बघायचं होतं, तुम्ही काय म्हणता." आणि मग, जराही न हसता, "तुम्ही आंबे म्हणालात."

"आंबे?" रोवेनानं डोळे पुसत बापाकडं बघितलं. "ह्या बाईनं तुम्हाला हे विचारलं आणि तुम्ही आंबे म्हणालात?"

"तिकडचे चांगले असतात," ताक्यो म्हणाला, आणि ह्यावर दोघी बायका एकमेकींकडं बघून ज्या तऱ्हेनं श्वास सोडला, त्यानं त्याला प्रथमच बरं वाटलं. एवढ्यात रोवेनाचा फोन वाजला. दांते खाली सामानाची गाडी घेऊन रांगेत उभा होता, मासे पाझरायला लागले होते, आणि बायको कुठं गेली ते त्याला कळत नव्हतं. "आले," ती म्हणाली. "काही झालं नाही. सगळं ठीक आहे. सांगते." फोन ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. मनात काही इकडचं तिकडं ठेवत असावी. मग लिओनिलाला म्हणाली, "तुम्ही राहता कुठं?"

"पांदाकानला. नदीकडच्या अंगाला."

"तुम्ही पाहिलंय यांचं घर?" तिनं बापाला विचारलं. त्यानं मान हलवली. तो कधीच गेला नव्हता. इतके दिवस ती त्याला फक्त ह्या इमारतीतच भेटली होती, ह्या उजेडात, जिथं सकाळ नाही न् संध्याकाळ नाही. दारातून बाहेर पडून ती कुठल्या जीपनीत बसते एवढंच त्याला माहीत होतं. "मग सोडून या त्यांना," रोवेना म्हणाली. "एवढं घाबरवलंत, आणि आता एकटं पाठवता? गोळी घेतली का सकाळची? बरं. रात्री जेवायला घरी या." जाताना ती दोन पावलांवर थांबली आणि मागं न वळता म्हणाली, "पुढच्या रविवारी घरीच जेवा. दोघंही. इथलं बर्फ खाऊन साखर वाढते." आणि मासळीची बाटली छातीशी धरून ती जिना उतरून गेली.

बाहेरच्या दारात उन्हानं तोंडावर चापट मारली. एप्रिलचं ऊन, डिझेलचा वास, भाजलेल्या मक्याचा वास. जीपनीत ती दोघं अगदी मागं, दाराशी बसली आणि गुडघ्याला गुडघा लागला, कारण जागाच तेवढी होती. पांदाकानला उतरून ती एका गल्लीत वळली, मग आणखी एका, जिथं दोन्हीकडच्या घरांमधल्या दोऱ्यांवर कपडे वाळत होते आणि त्यांखालून वाकून जावं लागत होतं. ती पुढं, तो मागं. एका दारात बसलेली म्हातारी भाजी निवडत होती. तिनं ताक्योकडं बघितलं, मग लिओनिलाकडं.

"निला, हे कोण गं?"

लिओनिला कुलपात किल्ली फिरवत होती. कुलूप अडत होतं, तिनं दार खांद्यानं थोडं उचललं तेव्हा ते उघडलं. "ताक्यो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मग आत गेली, आणि खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि भांड्यात पाणी ओतल्याचा. ताक्यो उंबऱ्यावर उभा राहून बूट काढू लागला.

"आत आणून ठेव ते," ती आतून म्हणाली. "इथलं कुत्रं पळवतं."